ग्वाटेमालाच्या दंतशिबिराला जाण्याआधी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला मिशन ट्रिपचं आमंत्रण थेट चर्चकडून क्वचितच येतं. ते येतं ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून, नाहीतर मुलीच्या मैत्रिणीच्या आईकडून. "मार्चमध्ये आम्ही ग्वाटेमालाला दातांचा दवाखाना लावतोय, एक माणूस कमी पडतोय, येतेस का?" वसईकडच्या किंवा अहिल्यानगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना यात नवल नसतं, घरात कोणी ना कोणी जाऊन आलेलं असतं. पण या गाडीत आता भारतातून बीडीएस करून अमेरिकेतल्या दंतमहाविद्यालयांत प्रवेशाची वाट पाहणारे तरुण डॉक्टर दिसतात, आयटीतली जोडपी दिसतात, क्वचित मुलांकडे राहायला आलेले निवृत्त आईवडीलही दिसतात. हा लेख अशा सगळ्यांसाठी आहे. त्यातले निम्मे तरी दंतवैद्य नसतील हे धरूनच लिहितो आहे.

जरूर जा. पण निघण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: शिबिर शनिवारी उठतं, माणसाचं तोंड तिथेच राहतं. आपण गेल्यावर काही बिघडलं तर कोण बघणार, याचं उत्तर ज्या कामाला नसेल ते काम करायचं नाही. बाकीच्या सूचना यातूनच निघतात.

मिशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मिरज येतं, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं. डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेचं हॉस्पिटल सुरू केलं आणि जवळजवळ चाळीस वर्षं ते इथे राहिले. आज घातलेला टाका उद्या त्यांनीच बघायचा होता, आणि आपल्यामागे काम चालावं म्हणून इथली माणसं तयार करायलाही त्यांच्या हाताशी वेळ होता. आठ दिवसांच्या शिबिराला यातलं काहीच मिळत नाही. नाव एकच असलं तरी हे वेगळं काम आहे, आणि त्याचे नियमही वेगळे आहेत.

ग्वाटेमालाच का? ४ फेब्रुवारी १९७६ च्या भूकंपात तिथे सुमारे २३ हजार माणसं गेली. त्या वेळी अमेरिकेतल्या अनेक चर्चनी मदत पाठवली, आणि तेव्हा जुळलेली नाती पुढे टिकली. शिवाय विमानाने काही तासांचा प्रवास आणि वेळेतही फारसा फरक नाही, त्यामुळे मार्चच्या सुट्टीत जमण्यासारखं. बहुतेक तुकड्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात जातात: केत्साल्तेनांगो, ऊएऊएतेनांगो, आतित्लान सरोवराकाठची गावं. हा माया लोकांचा मुलूख आहे. एखाद्या शाळेत किंवा चर्चच्या सभागृहात बाकं बाजूला सारून सोमवारी सकाळी दवाखाना उभा राहतो.

होकार देण्याआधी

गोड बोलून होकार देऊ नका. आधी तुकडीच्या प्रमुखाला गाठा आणि काही गोष्टी स्पष्ट विचारा. तिथला यजमान कोण? तिथल्या आरोग्य मंत्रालयाची परवानगी कोणाच्या नावावर आहे? जवळचा स्थानिक दंतवैद्य कोण, आणि आपण येणार हे त्याला माहीत आहे का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर सावध व्हा. ग्वाटेमालात दंतवैद्य नाहीत असं नाही. सान कार्लोस विद्यापीठाच्या दंतशाखेचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कित्येक महिने खेड्यापाड्यांत काम करतात. तालुक्याच्या गावी एखादी डॉक्टरीण स्वतःची खुर्ची टाकून बसलेली असते, पैसे घेऊन दात काढते आणि त्यावर तिचं घर चालतं. वर्षातून एकदा परदेशी माणसं येऊन तेच काम फुकटात करून जाणार असतील, तर तिच्याकडे जायचं सोडून लोक मार्चची वाट बघत बसतात. तिला आधीच बोलवावं, मानधन द्यावं आणि तपासणीच्या टेबलावर बसवावं. नंतरची दुखणीखुपणी शेवटी तिच्याच दारात जाणार आहेत.

परवान्याची बाब बीडीएस झालेल्यांनी नीट ऐकावी. भारतातली पदवी आहे, हात बसलेला आहे, पण अमेरिकेचा परवाना नाही, अशा मुलामुलींना काही तुकड्यांत सरळ खुर्चीवर उभं करतात. "तिकडे कोण विचारतंय?" हे वाक्य ऐकलंत तर ती तुकडी तुमची नाही असं समजा. कोणती पदवी, कुठली नोंदणी, याचे कागद महिनोनमहिने आधी यजमानांमार्फत तिथल्या अधिकाऱ्यांकडे गेलेले असले पाहिजेत. परवानगी आली तर उत्तम, नाही आली तर सहायक म्हणून जा. सहायकाच्या कामालाही कौशल्य लागतं, आणि पुढे प्रवेशाच्या मुलाखतीत त्याबद्दल ताठ मानेने बोलता येतं. परवान्याशिवाय काढलेल्या दातांबद्दल तसं बोलता येत नाही.

आणि दंतवैद्य नसाल तर तोंडात हात घालायचा नाही. "ये, तुला इंजेक्शन द्यायला शिकवतो" असं उत्साहाने म्हणणारा एखादा डॉक्टर तुकडीत असतोच. त्याला हसून नाही म्हणा. स्वतःच्या मुलाच्या जबड्यात शेजारच्या आयटीवाल्याला सुई घालू द्याल का, एवढं मनाशी विचारलं तरी पुरे.

साधा माणूस काय करेल? भरपूर. नोंदणी, रक्तदाब, मुलांचं वजन, डॉक्टरांसाठी बॅटरी धरणं, रांग सांभाळणं, घाबरलेल्या आजीचा हात धरून बसणं. आणि शिबिरातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, ज्याच्यासाठी कोणी आपणहून हात वर करत नाही: अवजारं धुणं आणि निर्जंतुक करणं.

अवजारांची खोली

शिबिरात किती रुग्ण होतील हे डॉक्टरांच्या संख्येवर ठरतं असं सगळ्यांना वाटतं. ते ठरतं निर्जंतुकीकरणावर. हिशोब मांडून बघा. तुमच्याकडे दोन छोटे ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेवर निर्जंतुक करणारी यंत्रं, आहेत, प्रत्येकात सहा संच मावतात, आणि तापणं, शिजणं, सुकणं धरून एक फेरी तासाची आहे. म्हणजे तासाला बारा संच बाहेर पडणार. मग डॉक्टर कितीही असोत, दात काढायचे रुग्ण तासाला बाराच. हा हिशोब नोंदणीच्या टेबलावर माहीत नसला की दुपारी अडीचला बाहेर दीडशे माणसं उभी आणि आत दात काढायचा एकही स्वच्छ फोरसेप नाही, अशी वेळ येते. मग कोणीतरी म्हणतं, "स्पिरिटमध्ये बुडवून घेऊ." ते अजिबात चालवून घ्यायचं नाही. स्पिरिटने अवजार निर्जंतुक होत नाही. हिपॅटायटिस बी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात न्यायला नजरेला न दिसणारं रक्त पुरतं.

खोलीची मांडणी एकाच दिशेने वाहणारी ठेवा. दारातून घाण येईल, खिडकीकडून स्वच्छ बाहेर जाईल, आणि दोन्ही एकमेकांना ओलांडणार नाहीत. घाणीसाठी लाल टब आणि स्वच्छ मालासाठी निळा, असा साधा रंगांचा नियम करा, कारण चौथ्या दिवशी दमलेल्या माणसाला पाटी वाचायचं भान राहत नाही. हातात भांडी घासायचे जाड रबरी मोजे हवेत, तपासणीचे पातळ नकोत. डोळ्यांवर चष्मा हवा. ब्रश पाण्याच्या खाली धरून चालवायचा, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. फोरसेप उघडून त्याचा सांधा घासा; रक्त आणि हाडाची भुकटी तिथेच अडकते, आणि तिथे राहिलेला कण वाफेलाही दाद देत नाही. दात सैल करायच्या एलेव्हेटरचं टोक उजेडात धरून बघा. मग धुणं, पुसणं, पाकिटात भरणं, पाकिटावर तारीख आणि फेरीचा नंबर. फेरी संपल्यावर पाकीट ओलं असेल तर ते बाहेर द्यायचं नाही. ओल्या कागदातून जंतू आत शिरतात.

डोंगराळ ग्वाटेमालात आणखी एक गोष्ट लागते, आणि ती पुष्कळ तुकड्यांच्या ध्यानात येत नाही. केत्साल्तेनांगो शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंच आहे. हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे गेजवर १५ पौंड दिसले तरी आतली वाफ निर्जंतुकीकरणाला लागणाऱ्या १२१ अंशांपर्यंत पोचत नाही. ११६-११७ च्या आसपास घुटमळते. साधा नियम असा की दर हजार फुटांमागे अर्धा पौंड दाब वाढवायचा, म्हणजे तिथे १९ पौंडांच्या जवळपास. तुमचं यंत्र एवढं झेलतं का, ते त्याच्या पुस्तिकेत निघण्याआधीच बघा. आपल्यातला कोणीतरी घरचा प्रेशर कुकर न्यायचं सुचवतोच. अडीनडीला प्रेशर कुकरने निर्जंतुकीकरण करतात हे खरं, पण त्याला दाबाचा काटा लागतो, शिट्ट्या मोजून भागत नाही.

पाकिटावरच्या टेपच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे काम झालं, असंही नाही. त्या रेघा एवढंच सांगतात की पाकीट गरम झालं होतं. वेळ, वाफ आणि तापमान तिन्ही जमले की नाही हे पाकिटाच्या आत ठेवायच्या निर्देशक पट्टीवरून कळतं. प्रत्येक फेरीत एक पट्टी टाका आणि ती वहीत चिकटवून ठेवा.

सुयांचं टोपण दोन्ही हातांनी लावू नये. टोपण ट्रेवर आडवं ठेवायचं, एका हाताने सुई त्यात सरकवायची आणि मग उचलायचं. ज्याने सुई वापरली त्यानेच ती डब्यात टाकायची; धुणाऱ्याच्या टबात सुई आली तर काम तिथल्या तिथे थांबवून ती कोणाची ते विचारा. एकदा चारचौघांत विचारलं की पुन्हा येत नाही. डबा पाऊण भरला की बंद करायचा. आणि तो जाणार कुठे? चर्चच्या मागच्या परसात खड्डा खणून जाळायचा नाही, दुसऱ्या दिवशी तिथे मुलं खेळतात. स्थानिक आरोग्य केंद्राशी आधी बोलून ठेवा.

खुर्चीवर

रुग्ण पहाटे चारला निघालेला असतो, बहुधा पायी किंवा पिकअपच्या मागे उभ्याने, आणि "दात काढायचाय" म्हणून उपाशी. शिबिरात सगळ्यात जास्त वेळा घडणारी गडबड म्हणजे भोवळ, आणि तिचं कारण बहुतेकदा ही उपासमार आणि भीती असते. रांगेतच तोर्तिया आणि गोड आतोल, म्हणजे मक्याची पेज, वाटली की भोवळी बऱ्याच कमी होतात. चर्चमधल्या बायकांना हे आधी सांगून ठेवलं तर त्या आनंदाने करतात. कोणी कोसळलंच तर आडवं करून पाय उंच करा. पोटुशी बाई असेल तर डाव्या कुशीवर.

रक्तदाब प्रत्येक मोठ्या माणसाचा मोजा. १८० वर ११० च्या पुढे असेल तर आज दात नाही, आरोग्य केंद्राची चिठ्ठी. मधुमेह, हृदयाचं दुखणं, रक्त पातळ करायची गोळी, गरोदरपण, औषधाची ॲलर्जी, हे पाच प्रश्न दुभाष्याकडून पाठ करून घ्या आणि ते नोंदणीच्या टेबलावर एकदा आणि खुर्चीवर पुन्हा एकदा विचारा. तरुण मुलगी सासूसमोर गरोदर असल्याचं बोलणार नाही. खुर्चीवर एकटी असताना बोलेल.

मुलांसाठी वजनकाटा न्याच. भुलीच्या दोन टक्के लिडोकेनच्या एका कार्ट्रिजमध्ये ३६ मिलिग्रॅम औषध असतं आणि मुलाला किलोमागे ४.४ मिलिग्रॅमच्या वर द्यायचं नाही. वीस किलोच्या मुलाला ही मर्यादा अडीच कार्ट्रिजच्या अलीकडेच संपते. तिथली मुलं वयाच्या मानाने लहानखुरी असतात. आठ वर्षांचं सांगितलेलं मूल अठरा किलोचं निघतं. अंदाजाने चार कोपऱ्यांत चार टोचण्या देणाऱ्या डॉक्टरला अडवण्याचा हक्क वजन लिहिणाऱ्या स्वयंसेवकाला आहे, आणि तो त्याने वापरावा.

आता दात काढण्याबद्दल. परत आल्यावर चर्चमध्ये स्लाइड दाखवतात, त्यावर "यंदा इतके दात काढले" असा आकडा झळकतो आणि टाळ्या पडतात. मला हा आकडा मुळीच आवडत नाही. दात काढणं हा उपचाराचा शेवट आहे, आणि बत्तिशीतला एकेक कमी होत गेलेला माणूस पुढे तीस वर्षं मऊ भात चिवडत बसतो. दुखरा, सडलेला, न वाचणारा दात काढलाच पाहिजे. नाहीतर दुखणं त्याला झोपू देणार नाही. पण "आलाच आहात तर शेजारचाही काढून टाकू" हे नको. आणि हाडात रुतलेली अक्कलदाढ एक्सरेशिवाय, सभागृहात, प्लास्टिकच्या खुर्चीवर काढायला घ्यायची नाही. कितीही गयावया केली तरी नाही.

आठवड्याची आखणी मात्र सोपी आहे, आणि ती कोणी करत नाही याचं मला दरवेळी आश्चर्य वाटतं. दाढ काढलेल्या खड्ड्यात गुठळी टिकली नाही तर खरं ठणकणं दोन ते चार दिवसांनी सुरू होतं. म्हणजे बुधवारी काढलेल्या दाढेचं दुखणं शुक्रवार-शनिवारी वर येणार, आणि शनिवारी तुम्ही विमानात. म्हणून अवघड दाढा सोमवारी आणि मंगळवारीच. बुधवारपासून सुटे, सोपे दात. शुक्रवारी एकही दात काढायचा नाही. सोमवार-मंगळवारच्या लोकांना परत बोलवा, खड्डे बघा, मुलांना फ्लोराइड वार्निश लावा आणि सामान बांधा. आकडा घटेल. घटू द्या.

दात काढल्यावर कापसाची किंवा गॉजची घडी अर्धा तास घट्ट चावून धरायची, दिवसभर थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, नळीने प्यायचं नाही. हे तीनदा सांगून, मग रुग्णाकडून परत वदवून घ्या. मान डोलावली म्हणजे कळलं असं मुळीच नाही. चिठ्ठी अक्षरांपेक्षा चित्रांची असू द्या. भूल दिलेलं मूल बधिर गाल गंमत म्हणून चावतं आणि संध्याकाळी तो बोरासारखा सुजतो, हे आईला तिच्या भाषेत सांगायला विसरू नका. जबड्याखाली पसरत चाललेली सूज, ताप, गिळता न येणं, तोंड न उघडणं यातलं काही दिसलं तर तो शिबिराचा रुग्ण नव्हे, हॉस्पिटलचा. गाडी कोणाची, किती वेळात पोचते, पैसे कोण देणार, हे सोमवारी सकाळीच ठरलेलं असावं.

वाचवण्यासारखे दात

माझ्या मते शिबिराचा खरा कस इथे लागतो. १९८० च्या दशकात टांझानियात काम करताना यो फ्रेंकन या डच दंतवैद्याने आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत बसवली: कीड हातातल्या अवजारांनीच खरवडायची आणि खड्डा ग्लास आयोनोमर सिमेंटने भरायचा. वीज नको, ड्रिल नको, बहुतेकदा भूलही नको. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ही पद्धत उचलून धरली. फिलिंगमधून फ्लोराइड झिरपतं, आणि मुख्य म्हणजे आपण गेल्यावर कुठे काही पेटत नाही. ते पडलंच तर दात होता तसा राहतो.

या पद्धतीचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक म्हणजे सहा वर्षांच्या मुलाची नवी दाढ. ती दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते, काही पडत नाही, म्हणून आईला तीही दुधाचीच वाटते. "पडणारच आहे, काढून टाका," असं ती म्हणते. बोटाने दाखवून सांगावं लागतं की ही कायमची आहे. सहा ते आठ वयाच्या मुलांची वेगळी रांग करा. तिथे दिलेला एक तास मोठ्यांच्या दहा दाढांपेक्षा जास्त पुरतो.

सिल्व्हर डायमिन फ्लोराइड हे दुसरं हत्यार. ब्रशने थेंब लावला की बहुतेकदा कीड थांबते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते घातलं, ग्लास आयोनोमरसह. पण ते लावलेली कीड कायमची काळी होते. हे आधी फोटो दाखवून सांगितलं नाही, तर दुसऱ्या दिवशी पोरीचे पुढचे दात काळे पाहून बाप शिबिरात येऊन उभा राहतो, आणि त्याचं चुकत नाही.

ब्रश वाटताना पेस्टकडे बघा: एक हजार पीपीएमच्या वर फ्लोराइड असलेली हवी. आणि नुसते ब्रश वाटून, मोठ्या प्लास्टिकच्या दातांवर घासून दाखवून काम होत नाही. बाटलीतून दिलेली साखरेची कॉफी आणि शाळेच्या दारात मिळणारं रंगीत सोडा पाणी, ही खरी गोष्ट. ती तिथल्या शिक्षिकेला आपल्यापेक्षा चांगली सांगता येते. अर्धा तास तिला द्या, आपण मागे बसा.

बोलणं, श्रद्धा, फोटो

चार शब्द स्पॅनिश पाठ करा: 'आब्रा' म्हणजे उघडा, 'सिएर्रे' म्हणजे मिटा, 'मुएर्दा' म्हणजे चावा, 'ले दुएले?' म्हणजे दुखतंय का. तुमचा रंग आणि केस बघून लोक तुम्हाला तिथलंच समजतील आणि धाडधाड बोलत सुटतील, तेव्हा हसण्याचीही तयारी ठेवा. पण म्हाताऱ्या बायकांना पुष्कळदा स्पॅनिशही येत नाही. त्या माम बोलतात, किचे बोलतात, सरोवराकाठी त्सुतुहिल बोलतात. म्हणजे इंग्रजीचं स्पॅनिश आणि स्पॅनिशचं माम, असे दोन दुभाषे लागणार आणि एका प्रश्नाला पाच मिनिटं जाणार. ती पाच मिनिटं वेळापत्रकात धरा. पुढच्या दातांना सोन्याची कड किंवा चांदणी बसवलेली दिसेल. ती तिथली हौस आहे, त्याबद्दल शेरा मारायचा नाही आणि विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

श्रद्धेची बाजू आडपडद्याशिवाय बोलून घ्या. तुम्ही ख्रिस्ती नसाल तर ते अर्जातच सांगा. काही चर्च श्रद्धेच्या निवेदनावर सही मागतात. मनातून पटत नसेल तर सही करू नका, दुसरी तुकडी शोधा. बऱ्याच ठिकाणी सकाळच्या प्रार्थनेला शांत बसलात तरी कोणाची हरकत नसते. प्रार्थना करणाऱ्यांनी जरूर करावी. घाबरलेल्या माणसाने आपणहून मागितली तर त्याच्यासाठीही करावी. पण प्रवचन ऐकल्याशिवाय नंबर लागणार नाही, अशी व्यवस्था असेल तर तिथे थांबू नका. दुखऱ्या दाढेचा माणूस कशालाही हो म्हणेल. त्या गावात कॅथलिक आहेत, इव्हँजेलिकल आहेत, डोंगरावर जुन्या माया पद्धतीने धूप घालणारेही आहेत, आणि दाढ सगळ्यांची सारखीच दुखते.

फोटो घ्यायचे तर खोलीचे, यंत्रांचे, तुकडीचे घ्या. उघड्या तोंडाचे, रडणाऱ्या मुलांचे नकोत, आईबापांनी हो म्हटलं तरी नकोत. परदेशी डॉक्टरला नाही म्हणायची त्यांची हिंमत होत नाही.

तुमची स्वतःची तयारी

हिपॅटायटिस बीची लस शून्य, एक आणि सहा महिने अशी तीनदा असते. म्हणजे मार्चला जायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरात सुरुवात. लहानपणी घेतली असेल तर प्रतिपिंडं तपासून घ्या. ती दहाच्या खाली नकोत. सुई टोचलीच तर साबणाने धुवा, दाबून रक्त काढत बसू नका, आणि लगेच सांगा. लाजेपायी गप्प बसणारे असतात. रुग्णाला लागण असेल तर संरक्षण नसलेल्याला एका टोचणीतून हिपॅटायटिस बी होण्याचा धोका तीस टक्क्यांपर्यंत जातो; एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के. एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी बरी, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. डोंगरातून राजधानीला जाण्यातच दिवस मोडतो, म्हणून पहिल्या काही दिवसांचा साठा तुकडीच्या पेटीत असायलाच हवा. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए च्या लशी घ्या, पाणी बाटलीतलं किंवा गाळलेलं प्या.

शाकाहारी असाल तर काळ्या घेवड्याच्या उसळीवर, म्हणजे फ्रिहोलेसवर, आनंदाने दिवस जातात. फक्त ती कशात शिजवलीय ते विचारा. पुष्कळ घरी डुकराची चरबी घालतात.

एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर तिकीट काढण्याआधी पासपोर्टातला शिक्का बघा. मुदत संपलेल्या शिक्क्यावर अमेरिकेत राहता येतं, पण ग्वाटेमालाहून परत शिरता येत नाही. विद्यार्थ्यांनी आय-ट्वेंटीवर प्रवासाची ताजी सही घ्यावी.

शेवटच्या दिवशी प्रत्येक रुग्णाच्या नोंदीची एक प्रत त्या स्थानिक डॉक्टरिणीच्या हाती द्या: कोणता दात, कुठे मूळ तुटून राहिलं, कोणाला पुन्हा बघायचं. उरलेला माल तिला हवा असेल तेवढाच ठेवा. मुदत संपत आलेल्या भुलीच्या कार्ट्रिजचं आणि सुटे भाग न मिळणाऱ्या कॉम्प्रेसरचं ओझं तिच्या माथी मारू नका. दोन महिन्यांनी यजमानांना फोन करून विचारा की चिठ्ठ्या घेऊन किती जण तिच्याकडे गेले. कोणीच गेलं नसेल तर बहुधा फी आड आली असणार. मग पुढच्या वर्षीच्या खर्चातून दोन-तीन विमानतिकिटांचे पैसे तिच्या फीसाठी बाजूला काढा आणि तेवढी माणसं कमी न्या.